मासळीचा कुटा आणि वऱ्हाडची जमीन

जानेफळच्या श्रोत्यांपुढे समुद्राच्या मासळीचा विषय काढणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. आपल्याकडे कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन यांची चर्चा चालावी. कोळंबीच्या सालींशी आणि तारलीच्या काट्यांशी मेहकर तालुक्याच्या शेतकऱ्याचा संबंध काय? हाच प्रश्न आम्ही आजच्या व्याख्यानासाठी घेतला आहे. माशांच्या टाकाऊ भागापासून खत, खाद्य आणि औषध करण्याचा जो दोनअडीचशे वर्षांचा इतिहास आहे तो वाचीत असता आम्हांस असे दिसून आले की, या इतिहासाच्या प्रत्येक वळणावर कापूस पिकविणारा किंवा द्विदल धान्य पिकविणारा शेतकरी कोठे ना कोठे उभा आहे. त्यास कोणी विचारले नाही, ही गोष्ट निराळी.

प्रथम आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. बुलढाणा जिल्ह्यात पडणारे पाणी दोन समुद्रांना वाटून जाते. उत्तरेकडचे ओढे-नद्या पूर्णेस मिळतात आणि पूर्णा तापीवाटे अरबी समुद्रास जाते. दक्षिणेकडची पैनगंगा याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून मेहकरावरून वाहत वर्धेस मिळते आणि तेथून प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात शिरते. पावसाळ्यात हे पाणी गढूळ का होते हे आपणांस सांगावयास नको. त्या गढूळपणात आपली काळी माती असते, आणि मातीबरोबर तिच्यातील स्फुरद. नत्राची गोष्ट वेगळी आहे. ते हवेत अमाप आहे, आणि तुरीच्या किंवा सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतले जंतू ते हवेतून काढून पिकास देतात. स्फुरदाचे तसे नाही. ते खडकातून मातीत येते, मातीतून दाण्यात जाते, आणि एकदा नदीवाटे समुद्रात गेले की माणसाच्या हिशेबाने ते गेलेच.

परत येण्याचे मार्ग फार थोडे आहेत. समुद्रात गेलेले स्फुरद सूक्ष्म वनस्पती शोषून घेतात, त्या वनस्पती बारीक जीव खातात, त्या जिवांना मासे खातात, आणि माशास माणूस किंवा पक्षी खातो. म्हणजे जमिनीवरून गेलेले द्रव्य जमिनीवर परत आणण्याचे काम जगात पूर्वापार दोघांनी केले आहे: समुद्रपक्ष्यांनी आणि कोळ्यांनी. आपल्या भागातील आठवडी बाजारात सुक्या बोंबलांच्या आणि जवळ्याच्या पाट्या येतात, त्यांच्याकडे या दृष्टीने कोणी पाहत नाही. परंतु त्या पाटीतून समुद्राचे नत्र आणि स्फुरद घाट चढून वऱ्हाडात येत असते.

ही गोष्ट ज्या देशाने सर्वांत आधी पक्की ओळखली तो देश जपान होय, आणि ती ओळखण्यास कारण झाला तो कापूस. सतराव्या-अठराव्या शतकांत ओसाकाच्या आसपासच्या प्रांतांत कापसाची लागवड भराभर वाढली. कापूस हे खादाड पीक. गावचे शेणखत, रानातला पालापाचोळा त्यास पुरेना. तेव्हा किनाऱ्यावर वाळविलेली सार्डीन जातीची मासळी खत म्हणून विकत घेण्याची चाल पडली. पुढे ती पुरेनाशी झाल्यावर उत्तरेकडील एझो बेटावर, म्हणजे आजच्या होक्काइडोत, हेरिंग मासे मोठ्या कढयांत उकळून, दाबून, तेल काढून उरलेली पेंड जहाजांतून दक्षिणेस येऊ लागली. कापूस पिकविणारा शेतकरी खतासाठी व्यापाऱ्याचा बांधला गेला. खताचे भाव चढले की पंचक्रोशीतील गावे एकत्र होऊन सरकारात अर्ज करीत. १८२३ साली ओसाकाजवळच्या १००७ गावांनी मिळून कापसाच्या व्यापाऱ्यांच्या मक्तेदारीविरुद्ध तक्रार गुदरली, हे प्रकरण जपानच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. एक हजार सात गावे! आपल्याकडे एका बाजार समितीच्या प्रश्नावर सात गावांचे एकमत होताना काय यातायात पडते हे ज्याने पाहिले असेल त्यास या आकड्याची किंमत कळेल.

आता त्याच शतकातील वऱ्हाडाकडे वळू. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. रेल्वे नागपूरपर्यंत १८६७ साली पोहोचली, १८७० साली खामगावास फाटा गेला, आणि खामगावची कापसाची पेठ जगाच्या बाजारात बोलू लागली. या इतिहासाचा अभिमान आपण बाळगतो आणि तो योग्यही आहे. परंतु जपानच्या शेतकऱ्याने कापसाबरोबर खताचा जो हिशेब मांडला होता तो वऱ्हाडात कोणीच मांडला नाही. कदाचित काळी जमीन इतकी खोल आणि इतकी उदार होती की हिशेबाची गरजच भासली नाही. कापसाच्या रुईत तसे पाहिले तर जमिनीचे फारसे काही जात नाही, कारण रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध काष्ठतंतू, हवेतील कोळशाचेच रूपांतर. जमिनीचा कस जातो तो सरकीत. सरकी गावातच गुरांच्या पोटात जाऊन शेणावाटे शेतात येत होती तोवर व्यवहार समतोल होता. सरकी गाड्या भरून बाहेर जाऊ लागली आणि शेणाच्या गोवऱ्या चुलीत जाऊ लागल्या, तेव्हा तो बिघडला.

हे दुखणे एका परक्या माणसाने अचूक पकडले होते. जॉन ऑगस्टस व्होल्कर हा रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली हिंदुस्थानात आला, वर्षभराहून अधिक काळ देशभर हिंडला, आणि १८९३ साली त्याचा हिंदी शेतीच्या सुधारणेविषयीचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे हा तेव्हाचा सरकारी समज त्याने खोडून काढला. उलट या शेतकऱ्याजवळ शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे सांगितले. त्याची तक्रार होती ती जळणाबद्दल आणि निर्यातीबद्दल. सरपण नाही म्हणून शेण जळते, आणि गळिताची धान्ये व हाडे जहाजांत भरून परदेशी जातात. जमिनीचा कस या दोन वाटांनी उडून जातो, असे त्याचे म्हणणे. गुरांची हाडे गोळा करून बंदरावर पाठविण्याचा धंदा त्या काळी जोरात होता. येथील हाडांचा चुरा विलायतेच्या शेतात पडत होता आणि येथील शेतकऱ्याच्या शेतात त्याची जागा कशानेच भरून निघत नव्हती.

कोकणची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. कोकणची लाल जमीन उथळ आणि धुपीची. मुसळधार पावसात तिच्यातील कस टिकत नाही. तेथे नारळी-पोफळीच्या, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या त्या शेणखताच्या बळावर नव्हेत, कारण तितकी गुरे कोकणात कधीच नव्हती. बागाईतदाराचे खत समुद्रातून येई. जाळ्यात सापडलेली पण बाजारात न खपणारी बारीक मासळी, सडू लागलेला माल, डोकी, आतडी, काटे हे सर्व वाळूवर पसरून उन्हात वाळवावयाचे, कुटावयाचे आणि झाडाच्या आळ्यात पुरावयाचे. यास किनाऱ्यावर कुटा म्हणतात. कोठे कुटी असेही म्हणतात. वास असा की वाटसरूने धोतराचा सोगा नाकास लावावा. परंतु रसायनशाळेत तपासले तर चांगल्या मासळीच्या खतात शेकडा ४ ते १० भाग नत्र आणि ३ ते ९ भाग स्फुरद निघते. आपल्या उकिरड्यावरील शेणखतात नत्र अर्धा ते एक भाग निघाले तरी पुष्कळ झाले. कोळीण पाटीत घालून कुटा आणी, बागवाला त्याच्या बदल्यात भात, नारळ किंवा रोकड देई. या व्यवहारात भांडवल नव्हते, कारखाना नव्हता, सरकारी अधिकारी नव्हता. म्हणूनच कदाचित इतिहासाच्या पुस्तकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

सरकारी अधिकारी आला तो मलबारच्या किनाऱ्यावर. त्याचे नाव सर फ्रेडरिक निकल्सन. सहकारी चळवळीचा ज्यांनी अभ्यास केला असेल त्यांस हे नाव नवे वाटणार नाही, कारण १८९५ व १८९७ साली मद्रास सरकारासाठी त्याने शेतकी पेढ्यांवर जो अहवाल लिहिला तो १९०४ च्या सहकारी कायद्याच्या पायातील एक दगड आहे. आपल्या गावोगावच्या सोसायट्यांचे मूळ शोधीत गेले तर ते या माणसापाशी जाते. नोकरी संपल्यावर लोक निलगिरीच्या थंड हवेत बागा लावीत बसतात; हा गृहस्थ मासळीच्या मागे लागला. तो जपानला गेला, तेथील मत्स्यधंदा पाहिला आणि १९०७ साली त्याजवर टिपण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासेत मत्स्यखात्याची स्थापना झाली.

मलबारात तारली या तेलकट माशाचे थवेच्या थवे किनाऱ्यास येत. इतके येत की खाऊन, खारवून, वाळवूनही उरत. जुन्या होड्यांत टाकून ते कुजवावयाचे, वर तरंगणारे दुर्गंधी तेल काढून घ्यावयाचे आणि उरलेले वाळूत वाळवून खत म्हणून विकावयाचे, अशी तेथील रीत. निकल्सनने तानूर येथे प्रयोगकेंद्र काढून जपानी धर्तीची साधी पद्धत दाखवून दिली: ताजी तारली पाण्यात उकळावी, दाबयंत्रात पिळावी, तेल व पाणी वेगळे करावे, आणि चोथा वाळवावा. तेल स्वच्छ निघे, चोथ्यात वाळू नसे, आणि भाव चांगला येई. यंत्रसामग्री इतकी बेताची की साधारण ऐपतीच्या माणसानेही उभी करावी. थोड्याच वर्षांत मलबार आणि दक्षिण कानडा किनाऱ्यावर असे शेकडो लहान कारखाने निघाले. खत सिलोनच्या मळ्यांस आणि परदेशी जाऊ लागले.

परंतु तारलीचे थवे कोणाच्या हुकमतीत नसतात. १९४० नंतरच्या काही वर्षांत तारली मलबारच्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीशी झाली. पिल्लांसकट ओरबाडून खत केल्याने ती संपली, की समुद्राच्या प्रवाहांतील स्वाभाविक चढउतारांमुळे ती दूर गेली, यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. पुढे ती परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तेव्हा निसर्गाचा हात मोठा आहे हे खरे. आमचे मत इतकेच की, ज्या वर्षी निसर्ग हात आखडता घेतो त्याच वर्षी कारखान्याची कढई मात्र भूक आवरीत नाही.

हाच खेळ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि त्याचा झोत थेट आपल्या शेतापर्यंत आला. पेरू देशाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर अँकोव्हेटा नावाची बारीक मासळी खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले होते. त्यास तेथील जुने लोक ग्वानो म्हणत आणि इंका राजांच्या काळापासून ते शेतास घालीत. हुंबोल्टने १८०४ साली त्याचे नमुने युरोपास आणले; १८४० नंतर जहाजेच्या जहाजे भरून ग्वानो इंग्लंडला जाऊ लागला; १८६४ साली स्पेनने ती चिंचा बेटे बळकावली आणि त्यातून युद्ध पेटले. पक्ष्याच्या विष्ठेसाठी आरमारे लढली, हे वाचून हसू येते. पण तेलासाठी लढली तर आपण हसत नाही. डोंगर खरवडून संपल्यावर लोकांच्या लक्षात आले की पक्ष्याची वाट कशास पाहावी, मासाच पकडून त्याची भुकटी करावी. १९५० नंतर पेरूत मत्स्यभुकटीचे कारखाने झपाट्याने वाढले. १९७० साली एकट्या अँकोव्हेटाची पकड सुमारे १२० लाख टनांवर गेली. १९७२ साली समुद्राचे पाणी तापले, ज्यास तिकडे एल निन्यो म्हणतात, आणि १९७३ साली पकड २० लाख टनांच्या आसपास घसरली.

या भुकटीवर युरोप-अमेरिकेतील कोंबड्या आणि डुकरे पोसली जात होती. भुकटी संपताच सारे सोयाबीनच्या पेंडीकडे धावले, भाव भडकले, आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली. जपानची जेवणाची थाळीच त्यामुळे हादरली. त्या देशाने पुढे ब्राझीलच्या सेर्राडो नावाच्या पठारावर सोयाबीनची लागवड वाढविण्यास पैसा आणि माणसे दिली. आपल्या देशातही सोयाबीन त्याच सुमारास मध्य प्रदेशात पसरू लागले आणि मग खाली उतरून विदर्भात आले. आपल्या मेहकर-चिखलीच्या शिवारांत ज्वारी आणि कापसाची जागा त्याने किती घेतली हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. सोयाबीनचा मोंढ्यातील भाव आज केव्हा चढतो आणि केव्हा पडतो याचा उलगडा करावयाचा तर एक टोक पेंडीच्या जागतिक बाजारात सापडते, आणि त्या बाजाराचा जन्म पेरूच्या समुद्रात एका बारीक मासळीच्या अंताबरोबर झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

मध्यंतरी आपल्या किनाऱ्यावर दुसरी एक घटना घडली होती, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे वगैरे देशांतून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाले. अशक्त मुलांस आणि रातांधळेपणाच्या रोग्यांस ‘अ’ जीवनसत्त्व द्यावयाचे कोठून? तेव्हा मुशीच्या यकृताकडे लक्ष गेले. मुशी कोळी लोक पकडीत होतेच. तिचे यकृत फेकून तरी देत किंवा त्याचे तेल होड्यांच्या लाकडास फाशीत. तपासून पाहता मुशीच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व कॉडपेक्षाही भरपूर निघाले. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत सरकारी देखरेखीखाली ते तेल शुद्ध करून दवाखान्यांस पुरविण्यात आले. युद्ध संपले, १९४७ च्या सुमारास स्वित्झर्लंडात कृत्रिम ‘अ’ जीवनसत्त्व कारखान्यात तयार होऊ लागले, आणि मुशीच्या तेलाची मातब्बरी हळूहळू ओसरली. होडीच्या फळीस लागणारे तेल काही वर्षे लेकरांच्या पोटात गेले, ही त्या युद्धाच्या थोड्या बऱ्या गोष्टींपैकी एक.

स्वातंत्र्यानंतर मासळीच्या धंद्याचे रूपच पालटले ते कोळंबीने. १९५३ साली कोचीनहून गोठविलेली कोळंबी प्रथम अमेरिकेस गेली. तोवर सोडे करून वाळवून विकली जाणारी ही मासळी एकदम डॉलर मिळविणारी वस्तू बनली. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली बांधला गेला तो कापसाच्या व्यापारासाठी. वऱ्हाडचा कापूसही तेव्हा मुंबई बंदरातूनच विलायतेस जात असे. त्याच डॉकवर पुढे पहाटेपासून शेकडो बाया पाटावर बसून कोळंबी सोलू लागल्या. कोळंबीचे डोके आणि साल काढली की निम्म्याच्या आसपास वजन टाकाऊ ठरते. हे ढीग कुजत, समुद्रात ढकलले जात, किंवा वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जात.

या सालींत काय असते? सुकविलेल्या सालीत ढोबळ मानाने एक हिस्सा प्रथिने, एक हिस्सा चुनखडी, आणि त्याहून थोडा कमी असा एक हिस्सा कायटिन नावाचा पदार्थ. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञास तो १८११ साली प्रथम सापडला, आणि तोही समुद्रात नव्हे, अळंब्यांत. झाडाच्या लाकडास जसे काष्ठतंतू, तसे किडे, खेकडे आणि कोळंबीच्या कवचास कायटिन. साल आम्लात बुडविली की चुना विरघळतो, सौम्य अल्कलीत उकळली की प्रथिने सुटतात, आणि मागे कायटिन उरते. ते पुन्हा तीव्र अल्कलीत तापविले की कायटोसान मिळते. कोचीन येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या कृतीवर पुष्कळ काम केले आणि ती कारखानदारांस दिली. कायटोसान गढूळ पाणी निवळण्यास, जखमेवरील पट्ट्यांस, बियाण्यावर लेप देण्यास उपयोगी पडते. आता दुकानांतून ‘कायटोसान’ लिहिलेल्या बाटल्या शेतकऱ्याच्या गळ्यात बांधल्या जातात आणि बाटलीवर बोंडअळीपासून दुष्काळापर्यंत सर्वांवर इलाज असल्याची भाषा असते. वनस्पतीची रोगप्रतिकारक शक्ती काही प्रमाणात जागविण्याचा गुण त्यात आहे, हे प्रयोगांत दिसले आहे. पण ते खत नव्हे. खताचा पैसा त्यावर घालू नये, इतके सांगणे आम्हांस भाग आहे. शिवाय कायटिन काढताना जे आम्ल-अल्कलीचे पाणी उरते ते तसेच सोडले तर एका घाणीची दुसरी घाण होते.

याहून साधी आणि शेतकऱ्याच्या आटोक्यातील कृती म्हणजे मासळीचे मुरघास. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन याने ओला चारा आम्ल घालून टिकविण्याची रीत काढली. त्याच्या संशोधनास १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीच कल्पना उत्तर युरोपातील देशांनी मासळीस लावली. डोकी, आतडी, काटे बारीक करून त्यांत शेकडा तीन-साडेतीन फॉर्मिक आम्ल मिसळावे. आम्लामुळे सडविणारे जंतू थांबतात, आणि माशाच्या स्वतःच्या आतड्यांतील पाचकरस काही दिवसांत सारे मांस विरघळवून पातळ करतात. हे पातळ द्रव्य कोंड्यात मिसळून जनावरांस खाऊ घालता येते. केरळात आणि आता महाराष्ट्रातही मासळी व गूळ समभाग घेऊन बंद भांड्यात मुरवितात आणि गाळून पाण्यातून फवारतात. तेथे आम्लाचे काम गुळावर वाढणारे जंतू करतात. गूळ आपल्याकडे आहे. मग मासळी?

तीही आहे. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन आपल्या गोड्या पाण्यातील कार्प जातीच्या माशांचे प्रजनन तळ्यात घडवून आणले. रोहू-कटल्याचे बी त्यामुळे नदीतून शोधावे न लागता हवे तेव्हा मिळू लागले. पेनटाकळी किंवा कोराडी यांसारख्या धरणांत मत्स्यबीज सोडता येते ते या शोधामुळे. भोई समाजाच्या पिढीजात कसबास धरणांनी नवे पाणी दिले, हे धरणांच्या जमाखर्चात जमेच्या बाजूस मांडावयास हवे. (आमच्या लोणारच्या सरोवरात मात्र मासा जगत नाही; ते पाणीच खारे आणि पापडखाराने भरलेले. पण त्यातूनही काच आणि साबणास लागणारी द्रव्ये निघतात ही नोंद अकबराच्या काळात ऐन-ए-अकबरीने केली आहे.) रोहू साफ करताना डोके, खवले, आतडी मिळून वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग आपण फेकतो. बंगाली माणूस हे ऐकून कपाळास हात लावील, कारण त्याच्या मते डोके हाच माशाचा उत्तम भाग.

येथे थोडा हिशेब करून पाहू, कारण या विषयात उत्साहाच्या भरात माणसे फार वाहवत जातात. एक क्विंटल ओल्या मासळीच्या टाकाऊ भागात प्रथिने साधारण पंधरा किलो, म्हणजे नत्र अडीच किलोंच्या आत. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत नत्र असते वीस किलोंहून अधिक. म्हणजे एका गोणीची बरोबरी करण्यास आठ-नऊ क्विंटल मासळीची घाण पाहिजे. मेहकरच्या आठवडी बाजारातून ती जमणार नाही, आणि जमली तर शेजारी तक्रार करतील. फवारणीच्या चार चमच्यांनी सोयाबीनचे पोट भरेल असे जो सांगतो तो हिशेब लपवितो. खरे मोल या पदार्थातील प्रथिनांचे आहे. ते कोंबडीच्या किंवा शेततळ्यातील माशाच्या पोटात गेले तर युरियाच्या कितीतरी पट किमतीचे ठरते, आणि त्यांची विष्ठा खत म्हणून उरतेच. माणसाने खावे ते माणसाने खावे, त्याने टाकलेले जनावराने, आणि जनावराने टाकलेले जमिनीने, हा क्रम कोकणातल्या कोळिणीस ठाऊक होता. कुट्यात जाई ती खपत नसलेली मासळी.

आजचा कारखाना हा क्रम उलटा करतो, आणि आमची खरी हरकत तेथे आहे. मत्स्यभुकटीचे कारखाने टाकाऊ मासळीवर चालतात असे सांगितले जाते. पण एक किलो भुकटीस चार-पाच किलो मासळी लागते, आणि कारखाना एकदा उभा राहिला की त्यास रोज ‘टाकाऊ’ हवे असते. मग बारीक डोळ्यांच्या जाळ्यांत आलेली पिल्ले टाकाऊ ठरतात, जवळा टाकाऊ ठरतो. ज्या जवळ्याची चटणी भाकरीबरोबर खाऊन वऱ्हाडातील मजूर बाई उन्हात निंदण करते, तोच जवळा कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी बोलीवर चढतो. बाजारातील पाटी महाग होते, लहान होते. टाकाऊस मोल आले ही बातमी वर्तमानपत्रात येते; कोणाचे कालवण गेले ही बातमी येत नाही.

आणि आता आपल्या सोयाबीनचा पुढचा प्रवास पाहा. आंध्रच्या किनाऱ्यावर २००९ नंतर वनामी जातीच्या कोळंबीची तळी फार वाढली. तिच्या खाद्यात मत्स्यभुकटीबरोबर सोयाबीनची पेंड असते. एका एकरातून सात क्विंटल सोयाबीन निघाले तर त्याबरोबर शेतातून चार किलोंच्या वर मूळ स्फुरद जाते. खताच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे एकवीस किलो डीएपी. आपला देश या खताचा स्फुरद-खडक बहुतांशी परदेशांतून आणतो. खाद्यातून तळ्यात पडलेल्या नत्राचा तिसरा हिस्साही बहुधा कोळंबीच्या अंगी लागत नाही. स्फुरदाचा तर त्याहून कमी. बाकीच्यातील बरेचसे तळाच्या गाळात बसते. हा गाळ खारा असल्याने जवळच्या भातशेतीस घालता येत नाही. तो खाड्यांत ढकलला तर पाणी नासते. म्हणजे मोरोक्को-जॉर्डनकडचे स्फुरद वऱ्हाडच्या मातीतून, पेंडीच्या पोत्यातून, आंध्रच्या तळ्यात जाऊन खाडीच्या तळाशी गाडले जाते. तो गाळ धुवून त्यातील क्षार घालवावे, त्यात मीठ सोसणाऱ्या वनस्पती वाढवाव्या, शिंपले वा शेवाळ यांकडून ती द्रव्ये शोषून घ्यावी, असे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. त्यांचे पेंडीच्या भावावर काही परिणाम होण्यास वेळ लागेल.

गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ मात्र खारा नसतो, आणि तेथे आपल्या जिल्ह्याचा अनुभव सांगण्यासारखा आहे. २०१७ साली राज्य सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली, आणि २०१८ साली ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ या नावाने भारतीय जैन संघटनेच्या साह्याने जिल्ह्यातील तलावांतून यंत्रांनी गाळ उपसण्यात आला. सरकारचा हेतू पाणी साठविण्याचा होता; शेतकऱ्याने स्वखर्चाने ट्रॅक्टर लावून गाळ नेला तो जमिनीसाठी. ज्या तलावात वर्षानुवर्षे मासे पोसले गेले, शेवाळ वाढले आणि मेले, शिवारातून वाहून आलेली माती साचली, त्याचा तो गाळ. मुरमाड जमिनीवर चार बोटे पसरला की पुढील दोनतीन पिकांत फरक दिसतो, असे शेतकरी सांगतात आणि शास्त्राच्या दृष्टीने ते संभवनीय आहे; मात्र गाळ तपासून घ्यावा, कारण नुसती चिकणमाती खोल काळ्या जमिनीवर पडली तर निचरा बिघडतो. पैनगंगेतून समुद्राकडे निघालेले स्फुरद धरणाच्या भिंतीशी अडले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पुन्हा शिवारात आले, असा हा प्रकार आहे. पूर्वी हेच काम गावतळ्याच्या काठी उन्हाळ्यात बैलगाड्या लावून होत असे; गाळाच्या गाड्या कोणाच्या वाट्यास किती याचे तंटेही होत असत. २०१८ च्या उन्हाळ्यात यंत्रे होती म्हणून काम भराभर झाले. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात त्या तलावांत नवा गाळ येऊन बसत आहे, आणि त्याच तलावांत मत्स्यबीजही सोडले जात आहे.